पडीक कुणगा एकट्याचा नसतो

गणपतीला गावी गेलेले चाकरमानी मुंबईला परतले की कोकणातल्या पडीक शेतांची चर्चा दरवर्षी नव्याने सुरू होते. फोटो ठरलेला: एके काळी भाताने भरून जाणारा मळा, आता त्यात कमरेएवढं गवत आणि रानमोडी. त्याखालची वाक्यंही ठरलेली. शेती परवडत नाही. मजूर मिळत नाहीत. रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, मग चिखलात कोण उतरणार? माकडं आणि डुकरं काही शिल्लक ठेवत नाहीत. आणि सगळ्यात चढ्या आवाजात: जमिनी बाहेरच्यांना विकू नका.

यातली बहुतेक वाक्यं खरी आहेत. तरीही चर्चा पुढे सरकत नाही, कारण प्रत्येक वाक्याच्या पोटी एक गृहीत असतं की ज्याच्या नावावर सातबारा, त्याचाच तो प्रश्न. त्याने कसावी, विकावी किंवा टाकून द्यावी. मी जपानात राहून हे वाचतो. इथल्या डोंगराळ भातगावांपुढे जवळजवळ हीच यादी आहे: तुकडे लहान, उतार तीव्र, तरुण शहरात, रानडुकरं दारात, आणि मुख्यतः शेतीवर जगणाऱ्यांचं सरासरी वय सत्तरीच्या जवळ. पण इथलं खेडं पडीक जमिनीला सगळ्या वस्तीचा प्रश्न मानतं. त्यासाठी लेखी करार करतं, पैसे बाजूला काढतं आणि वर्षातले दिवस नेमून ठेवतं. आपल्या वादात नेमकी हीच गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून ती सविस्तर मांडतो.

नीगाता प्रांतातल्या तोकामाचीच्या आसपासचा डोंगराळ पट्टा बघा. हिवाळ्यात इथे २ ते ३ मीटर बर्फ साचतो. वस्ती २५-३० घरांची, तीही आता पूर्ण भरलेली नसते. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं आणि त्यात बहुतेक कोशिहिकारी हा वाण. हा तांदूळ चवीला उत्तम, पण रोपाचं ताट उंच. नत्र जरा जास्त झालं की लोळतो. म्हणून खत देताना हात आखडता ठेवावा लागतो. वितळलेल्या बर्फाचं पाणी तळ्यांत साठवून पाटाने खाली आणतात. पाट दोन-दोन किलोमीटर लांब असू शकतो आणि त्यावर अवलंबून असलेली खाचरं असतात १०-१५ घरांची.

बर्फ शेतात असतानाच बियाण्याचं काम सुरू होतं. बी मिठाच्या पाण्यात निवडतात. पाण्याची घनता १.१३, म्हणजे १० लिटरला साधारण २ किलो मीठ. आपल्याकडे ३ टक्के द्रावणाची शिफारस आहे, १० लिटरला ३०० ग्रॅम. इथल्या दाट पाण्यात अर्धवट भरलेलं बीसुद्धा वर येतं आणि सगळं काढून टाकलं जातं. खाली बसलेलं बी लगेच स्वच्छ पाण्यात धुतात, नाहीतर मिठाने उगवण मार खाते. मग थंड पाण्यात भिजवायचं, पाण्याचं तापमान आणि दिवस यांचा गुणाकार १०० होईपर्यंत. १० अंशांचं पाणी असेल तर १० दिवस. ३० बाय ६० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये पेरणी होते आणि १० गुंठ्यांना असे २० ट्रे लागतात. मेच्या मध्यापासून यंत्राने लावणी.

हे झालं घराघराचं काम. गावाचं काम त्याआधी एप्रिलमध्ये होतं, आणि माझ्या मते खेडं जिवंत आहे की नाही हे त्या दिवशी कळतं. एका ठरलेल्या रविवारी सकाळी सगळे पाट साफ होतात. घरटी एक माणूस, आपलं फावडं आणि घमेलं घेऊन. पाटाच्या वरच्या तोंडापासून खाली उतरत हिवाळ्यातला गाळ, पालापाचोळा आणि ढासळलेली माती उपसायची. कुठे भगदाड पडलंय, कुठला पाइप फुटलाय ते जागेवरच वहीत लिहायचं. जो येऊ शकत नाही तो काही हजार येन भरतो. ही रक्कम दंड म्हणून बघितली जात नाही; त्या दिवसाच्या श्रमाची किंमत म्हणून ती वस्तीच्या खात्यात जमा होते. विधवा एकटी राहत असेल, कुणी आजारी असेल, तर सूट कशी द्यायची हेही आधी लिहिलेलं असतं. जून ते ऑगस्टमध्ये पाटाच्या आणि रस्त्याच्या कडेचं गवत दोनतीनदा कापलं जातं, तेही असंच. बर्फ कमी पडलेल्या वर्षी पाण्याच्या पाळ्या लागतात. कोणाचं तोंड कधी उघडायचं ते पाळीवर असलेला माणूस ठरवतो आणि बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नसतो.

जानेवारीत वस्तीची वार्षिक सभा. जमाखर्च छापून प्रत्येकाच्या हातात. मुखिया आलटून पालटून. आडनाव किंवा मान बघून नाही. हे सगळं वाचायला रुक्ष आहे. पण कोकणातले कितीतरी पाट दगडमाती किंवा पैसा नव्हता म्हणून बुजले नाहीत. उपसायचा दिवस कोणी जाहीर केला नाही आणि न आलेल्याचं काय करायचं ते ठरलं नाही, एवढ्यानेच ते बुजले. आपल्याकडे हे मुळीच नव्हतं असं नाही. लावणीची सावड, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणं, होतं. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दरवर्षी माती-पाचोळ्याचा बंधारा घालून वायंगणी (उन्हाळी) भात काढणाऱ्या वाड्या होत्या. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात समुद्राचं पाणी अडवणारे बांध शेतकरी मिळून राखत, त्या व्यवस्थेला जोळ म्हणत. पुढे खारजमिनीचे कायदे आले, बांध सरकारी झाले आणि गावाची जबाबदारी सुटली. आता बांध फुटून खांड गेली, खारं पाणी भातात घुसलं, की अर्ज करून निधीची वाट बघायची. तोवर जमीन मिठाने दोनतीन हंगाम जाते.

एक कुणगा पडीक टाकल्याने नेमकं काय बिघडतं, हे शेती न केलेल्या वाचकासाठी सांगायला हवं, कारण ‘माझी जमीन, मी पडीक ठेवीन’ हे म्हणणं वरवर रास्त वाटतं. कुणगा म्हणजे बांधांनी वेढलेला भाताचा एक तुकडा. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने त्याच्या तळाशी, वीतभर खोलीवर, मातीचा एक घट्ट थर बसलेला असतो आणि तोच पाणी धरून ठेवतो. पहिल्या वर्षी चिखलणी झाली नाही की उन्हाळ्यात पडलेल्या भेगा बुजत नाहीत. पावसाचं पाणी मोरीतून, म्हणजे बांधातल्या वाटेतून, बाहेर न जाता त्या भेगांतून खाली मुरतं आणि खालच्या कुणग्याच्या बांधातून पाझरतं. दुसऱ्या वर्षी बांधातली खेकड्यांची बिळं तशीच मोठी होत जातात. पूर्वी चिखलाचं लिंपण करताना ती आपोआप बुजायची. बांधाला पोट सुटतं. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात, एका रात्रीत २०० मिलिमीटर पडला की, तो बांध बसतो आणि दगडमाती खालच्या उभ्या भातावर येते. पाट त्याच्या कडेने जात असेल तर तो गाळाने भरतो आणि पुढच्या साऱ्यांचं पाणी तुटतं. झुडपं वाढली की डुकरांना दिवसा बसायला जागा मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुकलेलं गवत वणव्याला वाट करून देतं आणि वरच्या अंगाची काजू-आंब्याची बाग होरपळते. सोडणारा एक, सोसणारे सात.

जपान सरकारने हे ओळखून २००० साली डोंगराळ भागासाठी थेट अनुदान सुरू केलं. त्याची रचना बारकाईने बघण्यासारखी आहे. २० मीटर अंतरात १ मीटर किंवा त्याहून जास्त चढ असलेल्या भातखाचराला दर १० आरला वर्षाला २१,००० येन. मध्यम उताराला ८,००० येन. १० आर म्हणजे आपले जवळजवळ १० गुंठे आणि २१,००० येन म्हणजे साधारण १२,००० रुपये. पण हे पैसे सातबारा दाखवून एकट्याला सहसा मिळत नाहीत. वस्तीने पाच वर्षांचा लेखी करार करायचा, त्याला नकाशा जोडायचा. नकाशावर प्रत्येक खाचराला रंग आणि क्रमांक: कोण कसतो, तो थकला तर कोण कसणार, पाट-रस्त्याची जबाबदारी कोणाची. किमान कामांवर थांबलात तर अनुदान ८० टक्के. वस्तीच्या पुढच्या वाटचालीचा आराखडा करून तो पाळलात तर पूर्ण. आलेल्या रकमेतला बराच भाग, पुष्कळ ठिकाणी निम्मा, वस्तीच्या सामाईक खात्यात राहतो. त्यातून गवत कापायची यंत्रं, पाइप, कुंपण आणि कामावर आलेल्यांची मजुरी निघते.

मधेच कोणी शेत सोडलं तर? सुरुवातीच्या नियमाप्रमाणे करारातल्या सगळ्या जमिनीचं अनुदान मागच्या वर्षांसकट परत करावं लागे. शेजाऱ्याचं शेत पडलं तर तुम्हालाही फटका, त्यामुळे शेजारी ते पडू देत नसत. मात्र ८० वर्षांची माणसं पुढच्या पाच वर्षांची सही करायला घाबरू लागली आणि काही वस्त्यांनी करारच सोडून दिले. मग २०२० पासून परतफेड फक्त त्या सोडलेल्या शेतापुरती ठेवली. आजारपण आणि मृत्यू यांना पूर्वीपासूनच सूट होती. कोणी आपल्याकडे अशी योजना आखायला घेतलीच तर हा धडा आधीच उपलब्ध आहे: सामूहिक जबाबदारी हवी, पण इतकी जड नको की म्हाताऱ्याने सहीच करू नये. याशिवाय पाट, रस्ते, बांध राखण्यासाठी खाचराच्या १० आरमागे ३,००० येनची वेगळी योजना आहे. ती गटालाच मिळते आणि त्या गटात शेती नसलेले रहिवासीही असू शकतात.

आता आपल्या वादातला सगळ्यात दुखरा मुद्दा: जमीन पडीक का ठेवतात, दुसऱ्याला कसायला का देत नाहीत? कोकणात याचं खरं उत्तर भाव किंवा मजुरीत कमी आणि कुळाच्या भीतीत जास्त आहे. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी लाखो कुळांना न्याय मिळाला, याबद्दल मनात किंतु नाही. पण त्याची दुसरी बाजू आज मुंबईतल्या मालकाच्या मनात घट्ट बसली आहे: पीकपाहणीत दुसऱ्याचं नाव लागलं की जमीन गेली. म्हणून सख्ख्या भावकीतल्या होतकरू मुलालाही तो ‘कर’ म्हणत नाही, आणि म्हटलं तरी तोंडी, एका हंगामापुरतं. तोंडी हंगामावर कोणी बांध दुरुस्त करत नाही, शेणखत घालत नाही. जमीन कसली जाते तिथेही ती झिजत जाते.

जपानमध्ये हीच भीती होती. युद्धानंतरच्या जमीन सुधारणांनी कुळं मालक झाली, १९५२च्या शेतजमीन कायद्याने त्यांना कडक संरक्षण दिलं आणि पुढच्या पिढीतले मालक कोणाला जमीन भाड्याने देईनात. तोडगा निघाला तो मुदतीच्या हक्काचा. १९७५ची दुरुस्ती आणि १९८०चा कायदा यांनी असा भाडेपट्टा आणला जो ठरलेल्या वर्षी आपोआप संपतो. त्यातून कूळहक्क निर्माण होत नाही. २०१४ पासून प्रत्येक प्रांतात जमीन बँक आहे. मालक तिला जमीन देतो, ती कसणाऱ्याला देते, भाडं तिच्यामार्फत फिरतं. मालक आणि कसणारा यांना एकमेकांशी भांडावं लागत नाही. आपल्याकडे निती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा काढला होता, त्याचा गाभा हाच. ‘जमिनी विकू नका’ अशी कळवळून हाक देणाऱ्या प्रत्येक संघटनेने आपल्या आमदाराकडे पहिली मागणी या कायद्याची केली पाहिजे. न विकण्याची शपथ घेऊन जमीन कसली जात नाही. कसली न गेलेली जमीन दोन पिढ्यांनी विकलीच जाते, कारण तोवर तिच्याशी नातं उरतं फक्त कागदाचं.

सामाईक सातबाऱ्याचंही तसंच. कोकणात एका कुणग्यावर ३०-४० नावं हा नेहमीचा प्रकार. त्यातली काही वारलेली, काही कुठे आहेत ते ठाऊक नाही. जपानात हा प्रश्न इतका वाढला की १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं झालं. न केल्यास १ लाख येनपर्यंत दंड. शेतजमिनीपुरती त्याआधी, २०१८ मध्ये, वाट काढली होती: जमीन प्रत्यक्ष सांभाळणारा एकच वारस सापडला तरी जाहीर सूचना काढून, हरकत आली नाही तर, ती जमीन बँकेमार्फत मुदतीने कसायला देता येते. मालकी सगळ्यांची तशीच राहते. आपल्याकडे वाटप झाल्याशिवाय काहीच हलत नाही आणि वाटप म्हणजे भावाभावांत कोर्ट. वाटपाआधी कसण्याची सोय झाली तर निदान मळा शाबूत राहील.

प्राण्यांबद्दल बोलताना आपल्याकडची चर्चा ताबडतोब मारावं की मारू नये इथे जाते. त्या वादाला जागा आहे, पण त्याआधी गणित मांडू. १० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची कड सुमारे १२७ मीटर. असे दहा शेतकरी वेगवेगळं कुंपण घालतील तर १,२७० मीटर. तेच दहा तुकडे मिळून एक हेक्टरचा मळा असेल तर बाहेरची कड सुमारे ४०० मीटर. खर्च तिसऱ्या हिश्शाहून कमी. शिवाय एकट्याने कुंपण घातलं की डुक्कर शेजाऱ्याकडे वळतं, म्हणजे आपण फक्त नुकसान सरकवलं.

इथल्या गावांत डुकरासाठी विजेचं कुंपण असतं, जमिनीपासून २० आणि ४० सेंटिमीटरवर दोन तारा. ही उंची महत्त्वाची आहे: डुक्कर नाकाने चाचपत येतं आणि केसाळ अंगाला नाही तर ओल्या नाकाला झटका बसला तरच ते मागे फिरतं. वरची तार ६० वर ठेवली की ते मधून घुसतं. जमीन खालीवर असेल तिथे तारेखाली फट राहते, म्हणून खांब तीनचार मीटरवर आणि खड्ड्याजवळ जादा खांब. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्याला लागून तार घातली तर प्राण्याचे पाय कोरड्या रस्त्यावर राहतात, वर्तुळ पूर्ण होत नाही, झटका बसत नाही. तार अर्धा मीटर तरी आत हवी. तारेला गवत लागलं की वीज जमिनीत जाते. दाब ४,००० व्होल्टच्या खाली उतरला की कुंपण नुसतं शोभेचं. म्हणून आठवड्याला मापून बघायचं आणि गवत कापत राहायचं. फक्त रात्री चालू ठेवणं ही सर्रास होणारी चूक. दिवसा बंद असताना ज्याने तार ओलांडली ते डुक्कर पुढे रात्रीही बिचकत नाही. आणि एक गोष्ट ठासून सांगतो: हे यंत्र बॅटरी किंवा सौर पॅनेलवर, सेकंदाला एक असा क्षणिक झटका देणारं असतं. घरातल्या विजेची तार शेताला लावणं हा गुन्हा आहे आणि त्याने आपल्याकडे माणसं मेली आहेत.

कोकणात पावसाळ्यात गवत आठवड्यात वीतभर वाढतं, त्यामुळे इथलं कुंपण तिथे एकट्याच्या हातून टिकणारच नाही. पाळीने गवत कापणारा गट असेल तरच ते चालेल. माकडांना दोन तारांचं काहीच वाटत नाही. इथेही त्यांच्यासाठी जाळी आणि वर विजेच्या तारा लागतात, शिवाय गावातली न काढलेली फळं उतरवून टाकणं आणि सगळ्या घरांनी मिळून, दिसेल तेव्हा हाकलणं. चार घरांनी हाकललं आणि पाचव्याने फणस झाडावर पिकू दिले तर कळप तिथून हलत नाही.

इतकं सगळं करून जपानी खेडं सुखी आहे का? नाही. तोकामाचीच्या डोंगरातसुद्धा वस्त्या रिकाम्या होत आहेत, शाळा बंद पडल्या आहेत, देवळाची पालखी उचलायला शहरातून माणसं बोलवावी लागतात. १९७० पासून २०१८ पर्यंत सरकारने शेतकऱ्यांना भात कमी लावायला सांगितलं, त्यासाठी पैसे दिले. भाव पडू नयेत हा हेतू होता, पण दोन पिढ्यांना भात म्हणजे नको असलेलं पीक असं शिकवलं गेलं. मग २०२४-२५ मध्ये दुकानातला ५ किलो तांदूळ २,००० येनवरून ४,००० च्या वर गेला, सरकारला साठ्यातला तांदूळ बाजारात आणावा लागला, आणि आपण तांदूळ कधी विकत घेतलेला नाही, समर्थक भरपूर पाठवतात, असं बोललेल्या कृषिमंत्र्यांना मे २०२५ मध्ये राजीनामा द्यावा लागला. शहरातल्या माणसाला त्या वर्षी पहिल्यांदा डोंगरातल्या खाचरांची आठवण झाली. खेड्याच्या शिस्तीलाही काळी बाजू आहे. नियम मोडणाऱ्या घराशी सगळ्यांनी संबंध तोडायची जुनी रीत इथे होती, तिची छाया अजून पुसलेली नाही. बाहेरून राहायला आलेल्या तरुण जोडप्याला पहिल्याच वर्षी सगळ्या जबाबदाऱ्या मिळतात, सभेत आवाज मात्र उशिरा. सभेला घरटी एक जण जातो, आणि तो बहुतेक पुरुषच.

आणि इथे नाही ते आपल्याकडे आहे. गणपती आणि शिमग्याला अख्खं गाव परत येतं. कोकणातल्या जवळपास प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे. विरार, नालासोपारा, डोंबिवलीतून वर्गणी गोळा होते, हिशेब वाचला जातो, देवळाचा जीर्णोद्धार ठरल्या वेळी पूर्ण होतो. जपानी खेड्याला ज्याची स्वप्नं पडतात ते हेच: गाव सोडून गेलेला माणूस गावाला बांधलेला राहणं. इथे त्यासाठी अगदी उलट्या बाजूने सुरुवात करावी लागली. कोची प्रांतातल्या युसुहारा गावाने १९९२ मध्ये शहरातल्या अनोळखी लोकांना पायऱ्यांच्या शेतातले तुकडे वर्षभरासाठी द्यायला सुरुवात केली आणि ही पद्धत देशभर पसरली. साधारण १०० चौरस मीटरला, म्हणजे एका गुंठ्याला, वर्षाला ३०-४० हजार येन भरायचे. लावणी, बेणणी आणि कापणीला यायचं. मधलं पाणी आणि गवत गाव बघणार. परका माणूस एका गुंठ्यासाठी एवढं देतो. आपला चाकरमानी तर मालकच आहे. त्याच्याकडून देवळाच्या वर्गणीसारखीच गुंठ्यामागे वर्षाला १०० रुपये देखभालपट्टी घेतली, तर १० हेक्टरच्या मळ्यातून सुमारे १ लाख रुपये उभे राहतात. पाट उपसणं, बांध लिंपणं आणि कुंपणाभोवतीचं गवत कापणं यांच्या मजुरीची सुरुवात त्यातून नक्की होते.

मात्र हे काम देवस्थानच्या बैठकीत घालू नये, असं माझं ठाम मत आहे. गावकीत मानपान आहे, पालखीवरून फुटलेल्या वाड्या आहेत, काही वाड्यांना तिथे बसायलाही बरोबरीची जागा नाही. पाटाचं पाणी आडनाव बघून वाहत नाही. एका मळ्यात ज्यांची ज्यांची जमीन, त्या सगळ्यांचा वेगळा गट हवा. जात कोणतीही, राहणं गावात असो की मुंबईत. लावणी-बेणणी बायका करतात, म्हणून सभेत घरटी दोघं, त्यातली एक बाई, हा नियम पहिल्याच कागदावर लिहावा. पाटासाठी २००५च्या कायद्याखाली पाणीवापर संस्था होऊ शकते. लहान व्हाळाला ते जड वाटलं तर ग्रामसभेची समितीही चालेल.

कायदा बदलेपर्यंत कुळाची भीती टाळायला एक साधा मार्ग आहे. जमीन कोणाला भाड्याने द्यायचीच नाही. मालकाने गटाला काम ठोक्याने द्यायचं: नांगरणी-चिखलणीचे इतके, लावणीचे इतके, कापणी-झोडणीचे इतके. पीक मालकाचं, पीकपाहणीत नोंदही मालकाचीच. ते नंतर विकायचं, वाटायचं की घरी न्यायचं तो ठरवेल. करार वकिलाला दाखवून घ्यावा, कारण त्यात ‘खंड’ (जमिनीचं भाडं) किंवा ‘वाटा’ असा शब्द आला तर तो कूळ लावण्यासारखा दिसतो आणि सगळंच फिरतं.

सुरुवात पूर्ण गावाने करू नये. दोनतीन हेक्टरचा, एका पाटावरचा एक मळा निवडावा. गणपतीतल्या बैठकीत मालकांच्या सह्या. दसऱ्यानंतर नकाशा: प्रत्येक कुणगा, मोरी, पाटाचं तोंड, पडलेले बांध. नोव्हेंबरात व्हाळावर बंधारा. जानेवारी ते मार्चमध्ये झाडोरा काढणं आणि बांध बांधणं, कारण मातीचा बांध पावसाआधी एक उन्हाळा बसायला लागतो. एप्रिलमध्ये बांधलेला पहिल्याच मृगात वाहून जातो.

यंत्राने लावणी करायची असेल तर दोन गोष्टी बैठकीतच ठराव्या लागतात. पहिली, रोप १५ ते २० दिवसांचं हवं. आपल्याकडे पाऊस बघत बघत २५-३० दिवसांचा तरवा (लावणीची रोपं) काढायची सवय आहे, आणि ते उंच रोप यंत्रात अडकतं, मोडतं. चिखलणीनंतर माती एक दिवस बसू द्यावी आणि पाणी २-३ सेंटिमीटरच ठेवावं. चिखल पातळ असेल तर रोपं बुडतात, पाणी जास्त असेल तर तरंगतात. दुसरी, मळ्यात यंत्र आत जायचं तर वाट दुसऱ्याच्या कुणग्यातून जाते. म्हणून सगळ्यात आतल्या कुणग्याची लावणी आधी आणि वाटेवरच्याची शेवटी, मग वाटेवरचा मालक सरपंच असला तरी. वाणही एकाच मुदतीचा लावावा. कोणी हळवं (लवकर तयार होणारं), कोणी गरवं (उशिरा होणारं) लावलं तर हळव्याची कापणी झाल्यावर लोक गुरं मोकळी सोडतात आणि उभं राहिलेलं गरवं भात गुरं, पाखरं, डुकरं मिळून संपवतात. गुरं कधी सोडायची ती तारीखही त्याच कागदावर घ्यावी. ती पाळली गेली तर भातानंतर जमिनीतल्या ओलाव्यावर वाल किंवा कुळीथ येतो, आणि पहिल्या वर्षीचा तोटा काही अंशी त्यातून भरून निघू शकतो.